मते आणि जागा : राजकीय पक्ष आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी

नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसला राज्यातल्या एकूण मतांपैकी १२.४ टक्के मते पडली. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेलाही १२.४ टक्केच. काँग्रेसचे १६ आमदार निवडून आले, शिवसेनेचे ५७. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११.३ टक्के मतांवर १० जागा मिळाल्या आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९ टक्के मतांवर ४१. या निकालावर पुढे पुष्कळ वाद झाले, मतदान यंत्रांपासून मतदारयाद्यांपर्यंत. त्या वादात न शिरताही हे आकडे समजून घेता येतात. विधानसभेची निवडणूक म्हणजे २८८ वेगवेगळ्या निवडणुका. ज्याला इतरांपेक्षा एक तरी मत जास्त, तो आमदार. बाकीच्यांची मते त्या मतदारसंघाबाहेर कुठेच जमा होत नाहीत. महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांची मते मिळून ४८ टक्क्यांच्या आसपास होती आणि महाविकास आघाडीच्या तीन पक्षांची ३४ टक्क्यांच्या आसपास. हा फरक बहुतेक मतदारसंघांत थोडाफार सारखाच पडला आणि त्यातून २३० विरुद्ध ४६ असा निकाल लागला.

त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत हीच पद्धत उलट्या बाजूला फळली होती. महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मते ४३ ते ४४ टक्क्यांच्या घरात, जवळपास बरोबरीची होती. ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला मात्र ३० मिळाल्या, महायुतीला १७. भाजप २६ टक्के मते घेऊन ९ जागांवर थांबला आणि काँग्रेस १७ टक्क्यांवर १३ जागा घेऊन गेली. त्या वेळी पद्धतीबद्दल तक्रार कोणी केली आणि कोणी केली नाही, हे पाहिले तर या विषयातली निम्मी गोष्ट कळते. पद्धतीचा अन्याय दिसतो तो हरलेल्याला, आणि पद्धत बदलण्याचा अधिकार असतो तो जिंकलेल्याला.

ज्या पक्षाला जितकी मते त्या प्रमाणात सभागृहात जागा, हे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे मूळ तत्त्व. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे यांनी १८५५ मध्ये मर्यादित स्वरूपात ती अमलात आणली. इंग्लंडमध्ये टॉमस हेअर यांनी जवळपास त्याच सुमारास, त्यांच्याहून स्वतंत्रपणे, ती मांडली आणि जॉन स्टुअर्ट मिल यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. हेअर आणि मिल यांच्या डोळ्यांपुढे पक्ष नव्हते, व्यक्ती होत्या. विचारी पण संख्येने थोड्या मतदारांना आपल्या पसंतीचा माणूस पाठवता यावा, एवढीच त्यांची तळमळ. पक्षांना धरून चालणारा हिशेब बेल्जियमच्या व्हिक्टर दोंट या कायदेपंडिताने बसवला.

दोंट यांची रीत एका छोट्या उदाहरणाने उलगडते. एका मोठ्या मतदारसंघात पाच जागा आहेत आणि एक लाख मते पडली आहेत : ‘अ’ पक्षाला ४८ हजार, ‘ब’ला ३४ हजार, ‘क’ला १८ हजार. प्रत्येक पक्षाच्या मतांना क्रमाने १, २, ३ ने भागत जायचे. ‘अ’चे भागाकार ४८, २४ आणि १६ हजार, ‘ब’चे ३४, १७ आणि ११ हजारांच्या पुढे, ‘क’चे १८ आणि ९ हजार. सगळ्यांतले सर्वांत मोठे पाच आकडे घ्यायचे : ४८, ३४, २४, १८ आणि १७. ‘अ’ला दोन जागा, ‘ब’ला दोन, ‘क’ला एक. हाच मतदारसंघ पाच तुकड्यांत वाटला आणि प्रत्येक तुकड्यात मतांचे प्रमाण हेच राहिले, तर आपल्याकडच्या पद्धतीने पाचही जागा ‘अ’च्या. मतदार तेच, मते तीच.

पुढे या तत्त्वाच्या तीन मुख्य शाखा झाल्या. यादी पद्धतीत मत पक्षाला पडते आणि पक्षाच्या यादीतून उमेदवार निवडले जातात. एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि त्याचे मत एका उमेदवाराच्या कामी आले नाही, किंवा गरजेपेक्षा जास्त झाले, तर पुढच्या पसंतीकडे सरकते. आयर्लंड आणि माल्टा या देशांत ती रूढ आहे. तिसरी मिश्र पद्धत, युद्धोत्तर जर्मनीने घडवलेली. तिथे मतदाराला दोन मते असतात, एक स्थानिक उमेदवाराला आणि एक पक्षाला. सभागृहातले पक्षांचे प्रमाण दुसऱ्या मतावरून ठरते. याखेरीज जपानपासून नेपाळपर्यंत अनेक देशांत काही जागा मतदारसंघांतून आणि काही यादीतून भरतात, पण दोहोंचा हिशेब एकमेकांशी जोडलेला नसतो. नेपाळच्या प्रतिनिधी सभेत २७५ पैकी १६५ जागा थेट आणि ११० प्रमाणशीर आहेत.

युरोपात ही पद्धत आली ती मोठ्या पक्षांच्या न्यायबुद्धीमुळे, असा समज सोयीचा असला तरी खरा नाही. बेल्जियमने १८९९ मध्ये ती स्वीकारली तेव्हा मताधिकार नुकताच वाढला होता, समाजवाद्यांची लाट येत होती आणि जुन्या लिबरल पक्षाचा चिरडून चेंदामेंदा होण्याची वेळ आली होती. स्वीडनमध्येही सार्वत्रिक मताधिकार देताना परंपरावाद्यांनी प्रमाणशीर पद्धत पदरात पाडून घेतली. उद्या आपण अल्पमतात जाणार हे आज सत्तेत असताना दिसू लागले, की पक्षाला प्रमाणाचे तत्त्व पटते. ज्या देशांत सत्ताधाऱ्यांना अशी धास्ती वाटली नाही, तिथे मागणी मागणीच राहिली.

भारतात ही चर्चा परकी नाही, आणि मुंबईत तर नाहीच. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा मुंबई प्रांतातल्या अनेक जागांच्या मतदारसंघांत संचित मताची पद्धत होती. जितक्या जागा तितकी मते मतदाराला मिळत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची मुभा असे. संख्येने कमी पण एकजुटीने मत देणाऱ्या समाजाला हा मोठा आधार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. भायखळा–परळच्या मतदारसंघात बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसने नामवंत क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांना उभे केले होते. बाळूंबद्दल दलित समाजात अतोनात आदर होता आणि लढत अटीतटीची झाली. बाबासाहेब दोनेक हजार मतांनी निवडून आले.

पंधरा वर्षांनी चित्र पालटले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, पण त्या दोन वेगवेगळ्या उमेदवारांच्या पेट्यांत टाकाव्या लागत. एकाच पेटीत दोन्ही टाकल्या तर एक बाद होई. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनने समाजवादी पक्षाशी समझोता केला होता : एक मत बाबासाहेबांना, एक अशोक मेहतांना. काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर निवडून आले. काजरोळकरांना १,३८,१३७ मते मिळाली, बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा, आणि त्या मतदारसंघात बाद झालेल्या मतपत्रिका ७४ हजारांहून जास्त. बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला, पण तो टिकला नाही. संचित मताची जुनी मुभा असती तर निकाल कसा लागला असता, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे, की १९३७ मध्ये जी गोष्ट मतदाराचा हक्क होती, ती १९५२ मध्ये मत बाद होण्याचे कारण झाली. दोन जागांचे मतदारसंघच १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

या दोन निवडणुकांच्या मधे घटना समिती बसली, आणि तिथला विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. १९४६ मध्ये घटना समितीचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडले ते एकल संक्रमणीय मताने, म्हणजे प्रमाणशीर पद्धतीनेच. मुंबईत पाठबळ नसलेले बाबासाहेब त्या पद्धतीमुळे बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने, समितीत येऊ शकले. ४ जानेवारी १९४९ रोजी लोकसभेच्या निवडणूक पद्धतीवर चर्चा झाली तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि संचित मत यांची दुरुस्ती सुचवली. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनीही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची बाजू लावून धरली. करीमुद्दीन यांचा मुद्दा धार्मिक अल्पसंख्याकांपुरता नव्हता : ५१ टक्क्यांच्या बळावर शंभर टक्के सत्ता हाती येते आणि राजकीय अल्पमताला आवाज उरत नाही, हे त्यांचे म्हणणे.

मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने बाबासाहेबांनी दुरुस्तीला विरोध केला. त्यांची दोन कारणे मुख्य होती. पसंतीक्रम लिहायचा तर मतदार साक्षर हवा, आणि देशात साक्षरता नगण्य आहे. १९५१ च्या जनगणनेत ती १८ टक्क्यांच्या आसपास निघाली, तेव्हा हे कारण खोटे नव्हते. दुसरे कारण स्थैर्याचे : प्रमाणशीर पद्धतीने सभागृहाचे लहान लहान गट पडतात आणि नव्या देशाला पहिल्यांदा हवे आहे ते टिकणारे सरकार. ज्यांचे सरकार जवळपास नक्की होते त्या काँग्रेसच्या सदस्यांना हे पटायला वेळ लागला नाही. दुरुस्ती नामंजूर झाली. बाबासाहेबांचे कारण प्रामाणिक होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्याचा फायदा मात्र इतरांना झाला.

तो फायदा केवढा होता हे पहिल्याच निवडणुकीत दिसले. काँग्रेसला ४५ टक्के मते आणि लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. समाजवादी पक्ष १०.६ टक्के मतांवर १२ जागांपुरता उरला, कम्युनिस्टांनी ३.३ टक्के मतांत १६ जागा घेतल्या. कम्युनिस्टांचे बळ तेलंगण, मद्रास, बंगाल असे ठिकठिकाणी एकवटलेले होते, समाजवाद्यांचे देशभर पसरलेले. आपल्याकडची पद्धत पसरलेल्या मतांना शिक्षा करते आणि एकवटलेल्या मतांना बक्षीस देते. हा नियम पुढे कधी चुकला नाही. १९८४ मध्ये भाजपला पावणेआठ टक्के मते आणि दोन जागा मिळाल्या, तर त्याहून कमी मते घेणाऱ्या तेलुगू देशमला एकट्या आंध्राच्या बळावर ३०. २०१४ मध्ये बहुजन समाज पक्षाला देशात ४ टक्क्यांहून जास्त मते पडली आणि एकही जागा मिळाली नाही, ३.३ टक्के मते घेणाऱ्या अण्णाद्रमुकला ३७ जागा मिळाल्या. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने महाराष्ट्रात ७ टक्क्यांच्या आसपास मते घेतली. आघाडीतल्या एमआयएमने औरंगाबाद जिंकले, ‘वंचित’चा स्वतःचा खासदार एकही नाही. गोव्यात २०२२ मध्ये रिव्होल्यूशनरी गोवन्सला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतांवर एक जागा, मगोपला त्याहून कमी मतांवर दोन.

मराठी राजकारणाची बरीचशी रोजची भाषा या पद्धतीने घडवली आहे. मतविभागणी, मते खाणे, बंडखोराला बसवणे, नावसाधर्म्याचा डमी उमेदवार, ‘मत वाया घालवू नका’ अशी शेवटच्या सभेतली विनवणी, हे सगळे तिचे प्रकार आहेत. निवडणूकपूर्व आघाडी आणि महिनाभर चालणारे जागावाटप हेही तिचेच. काही मूठभर मतांनी पंचाईत होऊ नये म्हणून पक्ष आधी एकत्र येतात, आणि ज्या मतदारसंघात पक्ष लढतच नाही तिथे त्याच्या मतदाराला दुसऱ्याच्या चिन्हापुढे बटण दाबावे लागते. त्यामुळे पक्षाची खरी ताकद किती, हे टक्केवारीवरूनही नेमके सांगता येत नाही. सुरुवातीला दिलेले २०२४ चे आकडे वाचतानाही हे ध्यानात ठेवावे लागते. दोन्ही आघाड्यांतल्या तिन्ही पक्षांनी कमी-अधिक जागा लढवल्या होत्या.

आणि तरीही प्रमाणशीर प्रतिनिधित्व राज्यघटनेत आहे. राष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषद यांच्या निवडणुका अनुक्रमे अनुच्छेद ५५, ८० आणि १७१ नुसार एकल संक्रमणीय मताने होतात. सर्वसामान्य मतदाराला ही पद्धत झेपणार नाही असे मानले गेले, पण आमदार ती दर दोन वर्षांनी वापरतात आणि पक्षांच्या हिशेबनिसांना तिचा दशांशापर्यंत अभ्यास असतो. १० जून २०२२ ची राज्यसभा निवडणूक महाराष्ट्राला आठवत असेल. जागा सहा, उमेदवार सात, वैध मते २८४, विजयाचा कोटा ४१ मतांच्या किंचित खाली. पहिल्या पसंतीत भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते मिळाली. शिवसेनेचे संजय पवार ३३ वर होते आणि भाजपचे धनंजय महाडिक फक्त २७ वर. निवडून आले महाडिक. गोयल आणि बोंडे यांची कोट्यापेक्षा जास्त असलेली मते, त्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीनुसार, महाडिकांच्या खात्यात गेली आणि त्यांनी पवारांना मागे टाकून कोटा ओलांडला. भाजपने आपल्या आमदारांना कोणी कोणाला कितवी पसंती द्यायची हे अचूक वाटून दिले होते. दहा दिवसांनी विधान परिषदेच्या दहा जागांसाठी मतदान झाले, ते मात्र गुप्त, आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री शिंदे आणि त्यांच्या गटाचे आमदार सुरतेच्या वाटेला लागले.

यातून पक्ष आणि प्रमाणशीर पद्धत यांच्या नात्याबद्दल एक गोष्ट स्वच्छ दिसते. जिथे मतदार मोजके आहेत आणि त्यांना हॉटेलात ठेवून मतपत्रिका कशी भरायची ते शिकवता येते, तिथे पक्षांना ही पद्धत अवघड वाटत नाही. साक्षरतेचा मुद्दा तर केव्हाच मागे पडला. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ७४ टक्के होती, आणि यादी पद्धतीत मतदाराला पसंतीक्रम लिहावाही लागत नाही. पक्षाच्या चिन्हापुढचे बटण तेवढे दाबायचे.

स्थैर्याच्या मुद्द्याचेही तसेच. प्रमाणशीर पद्धत आणली तर आघाडी सरकारे येतील, हे भाकीत प्रमाणशीर पद्धत न आणताच खरे ठरले. १९८९ ते २०१४ या काळात लोकसभेत कोणत्याही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले नाही, आणि २०२४ मध्ये पुन्हा तीच स्थिती आली. महाराष्ट्र विधानसभेत तर १९९० पासून एकाही निवडणुकीत एका पक्षाला बहुमत मिळालेले नाही. थोड्या मतांच्या हेलकाव्याने जागांचा डोंगर इकडचा तिकडे होतो, यालाही स्थैर्य म्हणणे कठीण आहे. जर्मनीत आघाडी सरकारांनी वर्षानुवर्षे सुरळीत कारभार केला. इटलीत युद्धानंतर सरकारे भराभर पडत राहिली. दोन्हीकडे पद्धत प्रमाणशीरच होती. पक्ष कसे आहेत यावर जास्त अवलंबून असते.

भारतीय पक्षांपैकी सातत्याने ही मागणी केली ती डाव्यांनी. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या जाहीरनाम्यांत अंशतः यादी पद्धतीसह प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा उल्लेख दर निवडणुकीला असतो. त्याच पक्षाची डावी आघाडी २००६ मध्ये पश्चिम बंगालमध्ये निम्म्या मतांवर २९४ पैकी २३५ जागा घेऊन सत्तेत परतली, तेव्हा राज्यात या मागणीचा फारसा गाजावाजा झाला नाही. २०२१ मध्ये त्याच विधानसभेत डाव्यांचा एकही आमदार उरला नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा पंचवीस टक्क्यांनी वाढवून वाढीव जागा यादी पद्धतीने भराव्यात, असे सुचवले. न्या. बी. पी. जीवन रेड्डी तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते. २०१५ च्या २५५ व्या अहवालातही मिश्र पद्धतीचा विचार व्हावा, असा सूर होता. दोन्ही अहवाल संसदेच्या ग्रंथालयात सुखरूप आहेत.

ब्रिटनमध्ये वेगळे काही घडले नाही. १९८३ मध्ये लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीला २५ टक्के मतांवर २३ जागा मिळाल्या, तर मजूर पक्षाला पावणेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास मतांवर २०९. विरोधात असताना मजूर पक्षाने सुधारणेचे आश्वासन दिले, १९९७ मध्ये प्रचंड बहुमताने सत्तेत आल्यावर रॉय जेनकिन्स यांचा आयोग नेमला आणि त्याचा १९९८ चा अहवाल बाजूला ठेवला. कॅनडात जस्टिन ट्रुडो यांनी २०१५ ची निवडणूक जुन्या पद्धतीची शेवटची असेल असे जाहीर केले. बहुमत मिळाल्यावर दीड वर्षाच्या आत त्यांच्या सरकारने विषय सोडून दिला.

न्यूझीलंड हा या नियमाला अपवाद, म्हणून त्याची कहाणी सविस्तर सांगण्याजोगी. १९७८ मध्ये तिथे मजूर पक्षाला ४०.४ टक्के मते पडली आणि नॅशनल पक्षाला ३९.८, पण ९२ पैकी ५१ जागा घेऊन सरकार बनवले नॅशनल पक्षाने. १९८१ मध्ये तेच पुन्हा घडले, मते मजूर पक्षाची किंचित जास्त आणि सत्ता नॅशनलची. त्याच निवडणुकीत सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला २०.७ टक्के मते आणि दोन जागा मिळाल्या. दोनदा पोळलेला मजूर पक्ष १९८४ मध्ये सत्तेवर आला. पक्षात जेफ्री पामर यांच्यासारखे घटनातज्ज्ञ होते आणि त्यांनी शाही आयोग नेमायला लावला. न्या. जॉन वॉलेस यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाने डिसेंबर १९८६ मध्ये अहवाल दिला : जर्मनीसारखी मिश्र पद्धत, १२० जागांचे सभागृह आणि त्यावर जनतेचे सार्वमत.

अहवाल हाती आला आणि मजूर पक्षाचा उत्साह मावळला. मग १९८७ च्या प्रचारात टीव्हीवरच्या चर्चेत पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांनी सार्वमत घेण्याचे आश्वासन देऊन टाकले. टिपण वाचताना त्यांची गफलत झाली, असे नंतर सांगितले गेले. आश्वासन पाळले गेले नाही, आणि विरोधी नॅशनल पक्षाने मजूर पक्षाला खिजवण्यासाठी १९९० मध्ये तेच आश्वासन आपल्या नावावर केले. सत्ता मिळाल्यावर त्यांनाही मागे फिरता येईना. त्या काळात दोन्ही पक्षांच्या सरकारांनी जाहीरनाम्यात नसलेले कडक आर्थिक निर्णय लोकांवर लादले होते आणि लोक दोघांवरही चिडलेले होते. सप्टेंबर १९९२ च्या पहिल्या सार्वमतात ८४.७ टक्के मतदारांनी बदल मागितला. ६ नोव्हेंबर १९९३ च्या बंधनकारक सार्वमतात मिश्र पद्धतीला ५३.९ टक्के मते मिळाली. बदलाच्या विरोधात उद्योगपती पीटर शर्टक्लिफ यांच्या पुढाकाराने पैशांची मोठी मोहीम चालली. तिनेच अनेकांना बदलाच्या बाजूला ढकलले, असे तिथे म्हटले जाते.

नव्या पद्धतीची पहिली निवडणूक १९९६ मध्ये झाली आणि विन्स्टन पीटर्स यांच्या १७ जागांच्या पक्षाने सरकार कोणाशी बनवायचे हे ठरवायला जवळपास दोन महिने घेतले. बदलाचे विरोधक ज्याची भीती घालत होते तेच घडले होते. तरीही २०११ च्या सार्वमतात ५७.८ टक्के लोकांनी पद्धत कायम ठेवली. तिच्यातही खोट आहे. संसदेत वाटा मिळण्यासाठी पाच टक्के मते किंवा एक मतदारसंघ जिंकावा लागतो. २००८ मध्ये पीटर्स यांच्या पक्षाला ४.०७ टक्के मते मिळून एकही जागा मिळाली नाही, तर ३.६५ टक्के मते घेणाऱ्या अॅक्ट पक्षाला, एक मतदारसंघ जिंकल्यामुळे, पाच मिळाल्या. शाही आयोगाने अट चार टक्क्यांची सुचवली होती. मोठ्या पक्षांनी ती पाचवर नेली आणि तिथेच ठेवली.

भारतात हा विषय पुढे न्यायचा तर जुन्या आक्षेपांपेक्षा वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. पहिला राखीव जागांचा. अनुसूचित जाती-जमातींचे राखीव मतदारसंघ शुद्ध यादी पद्धतीत उरत नाहीत. यादीत कितव्या क्रमांकावर किती नावे हे कायद्याने बांधून द्यावे लागते. मिश्र पद्धतीत ते राहू शकतात. न्यूझीलंडमध्ये माओरींसाठी १८६७ पासून असलेले स्वतंत्र मतदारसंघ नव्या पद्धतीतही टिकले, आणि आज ते सात आहेत. दुसरा प्रश्न आपल्या माणसाचा. आमदार म्हणजे रस्ता, बदली, दवाखान्यातली खाट यांसाठी ज्याचे दार ठोठावायचे तो माणूस. यादीतून आलेल्या सदस्याचे दार कोणत्या गावात शोधायचे, हे मतदाराला सांगावे लागेल.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. यादी कोण करणार? बंद यादीत वरचा क्रमांक म्हणजे निवडून येण्याची हमी, आणि तो क्रमांक देणारा हात पक्षाध्यक्षाचा. ज्या देशात बहुतेक पक्ष एका घराण्याच्या किंवा एका नेत्याच्या मुठीत आहेत आणि पक्षांतर्गत निवडणुका कागदावरच होतात, तिथे यादी म्हणजे हायकमांडला मिळालेले आणखी एक हत्यार ठरेल. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदाराचे सभागृहातले मत आधीच पक्षादेशाला बांधले आहे. उलट बाजूने, यादीतून आलेल्याची जागा पक्षाचीच, असे कायद्याने ठरवता येते. तसे ठरवले तर ती घेऊन दुसरीकडे जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन पक्ष फुटल्यावर जागा कोणाची आणि चिन्ह कोणाचे यावर जी कोर्टबाजी झाली, ती पाहता हा मुद्दा किरकोळ नाही. यादीतल्या नावांचा क्रम मतदाराला बदलता येईल अशी खुली यादी हा मधला मार्ग अनेक युरोपीय देशांनी काढला आहे. भारतातल्या चर्चेत तो क्वचितच येतो, कारण मागणी करणाऱ्या पक्षांनाही तो फारसा सोयीचा नाही.

लोकसभेच्या जागांचे राज्यनिहाय वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेले आहे आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. ती जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होत आहे. दक्षिणेकडच्या राज्यांना लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याची शिक्षा मिळू नये म्हणून सभागृहाच्या एकूण जागा वाढवण्याचा विषय निघतो आहे; २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने मंजूर झालेले महिलांचे तेहतीस टक्के आरक्षणही मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेले आहे. नव्या जागा आल्याच, तर त्या सगळ्या मतदारसंघांत वाटायच्या की त्यांतला काही भाग विधी आयोगाच्या १९९९ च्या सूचनेप्रमाणे पक्षांच्या एकूण मतांवरून भरायचा, हा निर्णय त्या वेळी लोकसभेत बहुमत असलेल्या पक्षांच्या हाती असेल.